अक्षरे कोणाच्या मालकीची?

जून २०१४ मध्ये युनिकोड ह्या जागतिक अक्षरकोशाची सातवी आवृत्ती निघाली, तेव्हा देशोदेशींच्या वृत्तपत्रांनी तिची मोठ्या कौतुकाने दखल घेतली. कौतुक कशाचे होते म्हणाल, तर त्या आवृत्तीत दाखल झालेल्या सुमारे अडीचशे नव्या चित्रांचे. मोबाइलवरून निरोप पाठविताना मजकुराच्या शेपटीला जी चित्रे लावण्याची आता चाल पडली आहे, त्यांच्यातलीच ही आणखी काही. त्यांतले कोणते चित्र सभ्य, कोणते असभ्य, ह्या चर्चेत रकानेच्या रकाने खर्ची पडले. त्याच आवृत्तीत आपली मोडी लिपी संगणकाच्या जगात प्रथमच अधिकृतपणे दाखल झाली होती. ७९ चिन्हांनिशी तिला स्वतःची जागा मिळाली होती. ज्या लिपीत पेशव्यांचे दप्तर लिहिले गेले आणि गायकवाडांच्या फडातले हिशेब मांडले गेले, तिचा हा नवा जन्म बहुतेक बातम्यांत एका ओळीचाही धनी झाला नाही.

मला ह्याचे फारसे नवल वाटले नाही. तंत्रज्ञानाच्या म्हणून ज्या बातम्या आपल्यापर्यंत येतात, त्या बहुधा तीन जातींच्या असतात. अमुक कंपनीचे मोल इतके कोटी झाले, ही पहिली. अमुक यंत्र बाजारात आले, ही दुसरी. आणि ते यंत्र आता कोणाकोणाच्या नोकऱ्या खाणार, ही तिसरी. ह्या बातम्या वाचू नयेत असे माझे म्हणणे नाही. मीही त्या चवीने वाचतो. परंतु आपल्या घरातले आणि संस्थांतले कागद उद्या कोणास वाचता येतील की नाही, हे ज्या गोष्टींवर ठरते, त्या ह्या तिन्ही जातींत बसत नाहीत. त्या कुठल्याशा समितीच्या बैठकीत, कोष्टकांच्या आणि क्रमांकांच्या रूपाने ठरतात आणि पुढे तीस-चाळीस वर्षांनी आपल्या दाराशी येऊन उभ्या राहतात. अशाच एका गोष्टीची हकीकत आज सांगावयाची आहे.

खिळ्यांपासून आकड्यांपर्यंत

छापखान्याची ओळख असलेल्या वाचकांस ‘खिळे’ म्हणजे काय ते सांगणे नलगे. जावजी दादाजींनी मुंबईस १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या सुबक देवनागरी खिळ्यांनी सगळ्या हिंदुस्थानात नाव मिळविले. इंग्रजी जुळाऱ्याचे काम थोडक्या घरांच्या केसवर भागे. आपल्या जुळाऱ्यापुढे मात्र काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे मांडलेले असत. काम किचकट होते. पण एक गोष्ट चांगली होती: खिळे छापखानेवाल्याच्या मालकीचे असले, तरी एकदा कागदावर उमटलेले अक्षर सर्वांचे होई. निर्णयसागराने छापलेली पोथी वाचावयास निर्णयसागराची परवानगी लागत नसे.

संगणकात ही स्थिती बदलली. संगणकाला अक्षर ओळखता येत नाही. त्याला फक्त आकडा ओळखता येतो. तेव्हा कोणत्या अक्षरास कोणता आकडा द्यावयाचा, हे आधी ठरवून ठेवावे लागते. अमेरिकेत १९६३ मध्ये असे एक कोष्टक मुक्रर झाले. त्याचे नाव ॲस्की. त्यात १२८ जागा होत्या, आणि इंग्रजीची अक्षरे, अंक, विरामचिन्हे व यंत्रास द्यावयाच्या काही सूचना इतक्यांतच त्या भरल्या. त्यात ‘क’ नव्हता की ‘ळ’ नव्हता. अमेरिकनांनी आपल्या गरजेपुरते कोष्टक केले, त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. पण त्यांची यंत्रे जेव्हा जगभर गेली, तेव्हा हे घरगुती कोष्टकही त्यांच्याबरोबर गेले.

आपल्याकडे १९९० च्या सुमारास संगणकावर छपाईची जुळणी करण्याची सोय आली आणि ‘डीटीपी’ची दुकाने गल्लोगल्ली निघाली. तेव्हा मराठी अक्षरे यंत्रात घालण्यासाठी एक युक्ती सर्रास योजण्यात आली. यंत्राच्या दृष्टीने अक्षर इंग्रजीच ठेवावयाचे. फक्त पडद्यावर आणि कागदावर त्याचे चित्र मराठी काढावयाचे. म्हणजे यंत्राच्या पोटात एखादे इंग्रजी अक्षर असे आणि डोळ्यांना ‘म’ दिसे. नाटकात एकाने दुसऱ्याचे सोंग घ्यावे, तसाच हा प्रकार. अडचण इतकीच होती, की कोणते इंग्रजी अक्षर कोणत्या मराठी अक्षराचे सोंग घेणार, हे प्रत्येक व्यापाऱ्याने आपापल्या मनाने ठरविले. एकाचा ‘म’ तो दुसऱ्याचा ‘ठ’, आणि तिसऱ्याचे भलतेच काही. ह्या अक्षरसंचांना कायदेशीर मालक होते आणि पुष्कळदा त्यांच्या प्रोग्रामांना खरेखुरे कुलूप असे. यंत्राच्या पाठीमागे खोचावयाचा तो लहानसा ठोकळा अनेकांस आठवत असेल. तो ठोकळा नसेल तर प्रोग्राम उघडत नसे.

ह्या व्यापाऱ्यांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. ती वीसेक वर्षे मराठी वृत्तपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंक निघाले ते ह्याच सोंगाच्या बळावर. तरी त्याची किंमत आपण आज देत आहो.

एका स्मरणिकेची गोष्ट

आमच्या परिचयाच्या एका जुन्या मराठी मंडळाने १९९७ मध्ये सुवर्णमहोत्सवानिमित्त स्मरणिका काढली. मंडळाच्या उत्साही चिटणिसांनी दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंतच्या जुन्या घरांतून फिरून हकिकती गोळा केल्या. कोणाचे पूर्वज कोणत्या गावाहून आले, कोणत्या खात्यात चाकरीस लागले, संस्थान विलीन झाल्यावर घरात काय घडले, असा तो मजकूर होता. सगळा मजकूर एका दुकानात जुळविण्यात आला. पण जाहिराती अपेक्षेइतक्या मिळाल्या नाहीत आणि स्मरणिका निम्म्यावर आणावी लागली. उरलेला निम्मा मजकूर ‘पुढल्या वेळी’ म्हणून तबकडीवर ठेवण्यात आला. पुढली वेळ आली नाही. दुकान बंद झाले, त्याच्याबरोबर ते कुलूप गेले. हस्तलिखिते ज्याची त्याला परत गेली आणि घरे विकताना रद्दीत निघाली. ज्यांनी त्या हकिकती सांगितल्या होत्या, त्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत.

२०१९ मध्ये मंडळाने तो मजकूर पाहावयाचे ठरविले. सुदैवाने मधल्या काळात कोणीतरी तो सीडीवर उतरवून ठेवला होता. फाइल उघडली, एकही पान फाटले नव्हते, एकही अक्षर गळले नव्हते, आणि तरी एक शब्दही वाचता येत नव्हता. पडदाभर इंग्रजी अक्षरे, त्यांच्या डोक्यावर फ्रेंच धर्तीची टिंबे, मधूनच पौंडाची खूण, मधूनच उलटे प्रश्नचिन्ह. त्या मंडळींत एक गृहस्थ मोडीचे जाणकार होते. आपल्या घरच्या रुमालातले दोनशे वर्षांपूर्वीचे पत्र ते भराभर वाचून दाखवीत. बावीस वर्षांपूर्वीचा हा मराठी मजकूर पाहून त्यांनी मान हलविली. मला त्या दिवशी ह्या सगळ्या प्रकरणाची खोली जाणवली. बोरूने लिहिलेला कागद दोन शतके टिकला आणि वाचताही आला. यंत्राने लिहिलेला एका पिढीतच मुका झाला.

सुटका झाली ती माझ्या एका भाचीमुळे. ती संगणकाच्या धंद्यात आहे. तिने विचारले, ‘मामा, ह्यातला छापलेला भाग तुमच्याकडे आहे ना? मग झाले!’ छापील पान एका बाजूस आणि त्याच पानाची ती निरर्थक फाइल दुसऱ्या बाजूस ठेवून तिने एकेक अक्षर जुळवीत नेले आणि कोणते सोंग कोणाचे, ह्याचे कोष्टक तयार केले. नुसते बदलून भागेना. त्या जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असे, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. रफार मात्र अक्षरानंतर. ‘किल्ला’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’; ‘अर्ज’ लिहिताना आधी ‘ज’, मग त्याच्या डोक्यावरचा ‘र’. ही उलटापालट नीट करण्यास तिचे दोन रविवार गेले. मग तिने ते कोष्टक न छापलेल्या भागास लावले, आणि पडद्यावर ओळीमागून ओळ मराठी उमटू लागली. पहिलीच हकीकत एका आजींची निघाली. लहानपणी चांदोदला नर्मदास्नानासाठी डभईच्या छोट्या गाडीने जाताना गाडी किती सावकाश चाले आणि मुले कशी किलबिलाट करीत, ह्याचे त्यात मोठे गोड वर्णन होते. त्यांच्या नातवाला ते वाचून दाखविले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

आमच्याजवळ निम्मा मजकूर छापील स्वरूपात होता म्हणून उरलेल्याची किल्ली सापडली. ज्या संस्थांजवळ तोही नसेल, त्यांनी काय करावे?

रूळ आणि अक्षरे

त्या आजींच्या छोट्या गाडीवरूनच हा प्रश्न अधिक स्पष्ट करता येईल. बडोदे संस्थानाने १८६२ मध्ये डभई ते मियागाम अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. प्रारंभी ती बैल ओढीत असत. हिंदुस्थानातली ही पहिली अरुंद रुळांची गाडी. पुढे डभई हे अशा छोट्या गाड्यांचे मोठे ठाणे झाले. खर्च कमी, काम चोख, आणि त्या प्रदेशातला कापूस हलविण्यास अगदी सोयीची. पण मियागामला मोठ्या रुळांची गाडी भेटे, आणि तेथे प्रत्येक गाठोडे एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. इंजिन कितीही जोराचे आणले तरी ही उतरचढ टळत नव्हती, कारण अडचण इंजिनाची नव्हतीच. रुळांच्या रुंदीची होती. देशभर एकाच रुंदीचे रूळ करण्याचा कार्यक्रम भारतीय रेल्वेने हाती घेतला तो १९९२ मध्ये, म्हणजे पहिल्या बैलगाडीनंतर एकशेतीस वर्षांनी.

अक्षरांच्या बाबतीत हाच विचार आपल्या देशात त्याच सुमारास पक्का झाला, आणि त्याचा इतिहास आपल्या लोकांस पुरेसा ठाऊक नाही. कानपूरच्या आयआयटीमध्ये १९८० नंतरच्या दशकात भारतीय लिप्या यंत्रात आणण्याचे काम झाले. त्यातून निघालेले ‘जिस्ट’ नावाचे तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेत आले. सी-डॅक स्थापन झाली १९८८ मध्ये, आणि तिची धुरा वाहणारे डॉ. विजय भटकर ह्यांनी १९६८ मध्ये अभियांत्रिकीची उच्च पदवी घेतली ती आपल्याच बडोद्याच्या विद्यापीठात. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन उघडले आणि प्रो. गज्जरांनी तेथे मातृभाषेतून तंत्रशिक्षण देण्याचा आग्रह धरला. त्याच वास्तूच्या परंपरेत ही विद्याशाखा वाढलेली आहे, हे बडोदेकरांस अभिमानाने सांगता येईल.

सी-डॅकचे नाव काढताच लोकांना ‘परम’ हा महासंगणक आठवतो. ‘परम ८०००’ तयार झाला १९९१ मध्ये. त्याच्या बातम्या पहिल्या पानावर झळकल्या आणि ते योग्यही होते. पण त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने १३१९४ ह्या क्रमांकाचे एक मानक जाहीर केले, ज्याला ‘इस्की’ म्हणतात. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना कोणते आकडे द्यावयाचे, ह्याचे ते कोष्टक. ‘परम ८०००’ आज संग्रहालयात शोभेल. त्याच्या कितीतरी पट काम खिशातला मोबाइल करतो. ‘इस्की’ची योजना मात्र तुम्ही आज मोबाइलवर मराठीत लिहिलेल्या प्रत्येक अक्षरात अजून जिवंत आहे. कारण ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या मसुद्यावरूनच घेतली.

ह्या मांडणीत दोन गोष्टी विशेष विचारपूर्वक केलेल्या आहेत. पहिली अशी, की अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने नव्हे, तर तोंडाने उच्चारली जातात त्या क्रमाने साठवावयाची. ‘कि’ म्हणजे आधी ‘क’, मग ‘इ’. वेलांटी डाव्या बाजूस काढणे हे यंत्राचे काम. आपल्या वर्णमालेचा पायाच उच्चारावर आहे, तेव्हा हा निर्णय अस्सल देशी म्हटला पाहिजे. दुसरी गोष्ट अशी, की भारतातल्या प्रमुख लिप्यांना प्रत्येकी १२८ जागांची एकेक रांग दिली आणि त्या रांगांत सारख्या अक्षरांना सारखी जागा दिली. नाट्यगृहात वेगवेगळ्या रांगांतल्या एकाच क्रमांकाच्या खुर्च्या असतात ना, तसे. देवनागरीच्या रांगेत ‘क’ जेथे बसतो, गुजरातीच्या रांगेत गुजराती ‘क’ही नेमका तेथेच बसतो. सरकारने ठरविलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ ह्या कळपाटावर तर दोघांची कळही एकच; डाव्या हाताकडे स्वर आणि उजव्या हाताकडे व्यंजने. आमच्या शेजारच्या गुजराती मास्तरांनी आणि मी हा कळपाट एकदमच शिकावयास घेतला. ते गुजरातीत लिहीत, मी मराठीत. बोटांच्या चुका दोघांच्याही त्याच.

मराठीचे म्हणणे मांडणार कोण?

एवढे झाले म्हणजे सगळे संपले असे नव्हे. देवनागरी म्हणजे हिंदी, अशी समजूत परक्या मुलखात असणे स्वाभाविक आहे. पण मराठीच्या काही गरजा हिंदीच्या नाहीत. शाळेत मास्तर उदाहरण देत असत ते येथे आठवते. ‘आचार्यास’ दक्षिणा दिली आणि ‘आचाऱ्यास’ दक्षिणा दिली, ह्या दोन वाक्यांत एक दक्षिणा गुरुजींस पोहोचते आणि दुसरी स्वयंपाक्यास. तो ‘दऱ्या’तला आणि ‘सुऱ्या’तला अर्धा ‘र’ हिंदीस लागत नाही. युनिकोडात तो लिहिण्याची सोय आहे. पण अक्षरसंच करणाऱ्याने त्याचे चित्र काढलेच नाही, तर गुरुजी आणि आचारी एकाच पंक्तीस बसणार.

‘ॲसिड’ आणि ‘ॲडव्होकेट’ ह्यांच्यातल्या ‘ॲ’ची कथा अशीच. मराठी माणूस हा स्वर दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण कोष्टकात त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, पाच दशांश एक ह्या आवृत्तीत. तोवर ‘अ’च्या डोक्यावर चंद्र चिकटवून वेळ भागवावी लागे आणि काही यंत्रांवर तो चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर एकटाच लोंबत असे. मोडीचेही तेच. तिचा प्रस्ताव अंशुमन पांडे ह्या अभ्यासकाने चिकाटीने मांडला, पुरावे गोळा केले, छापील व हस्तलिखित नमुने जोडले, तेव्हा ती २०१४ मध्ये आत आली. युनिकोडच्या दारात कोणीही प्रस्ताव घेऊन जाऊ शकतो; मात्र कोणीतरी जावे लागते. बाहेर उभे राहून अन्यायाची तक्रार करणाऱ्यांस ते दार दिसत नाही.

येथे व्यापाराविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. युनिकोडचा संघ कॅलिफोर्नियात १९९१ मध्ये नोंदला गेला, तो मोठमोठ्या संगणक कंपन्यांनी. एरवी एकमेकींचे गिऱ्हाईक पळविणाऱ्या ह्या कंपन्या अक्षरांच्या बाबतीत एका टेबलाशी बसल्या, त्या काही भाषाप्रेमाने नव्हे. प्रत्येक देशासाठी वेगळा प्रोग्राम करणे त्यांस परवडत नव्हते. स्वार्थातून का होईना, परमार्थ साधला. मालाच्या बाबतीत चढाओढ असावी, पण वजनमापे सर्वांची एक असावीत, हे बाजारपेठेतले जुने शहाणपण आहे. अक्षर हे माप आहे, माल नव्हे. मापाचा मालक एकच दुकानदार झाला, की गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही, हे स्मरणिकेच्या प्रकरणात आम्ही पाहिले. उलट जेथे अक्षरे सर्वांची झाली, तेथे कलावंतांचे काम दूरवर पोहोचले. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा अक्षरसंच प्रा. र. कृ. जोशी ह्या मराठी कवी-सुलेखनकाराच्या हाताखाली घडला. लक्षावधी लोक त्यात रोज वाचतात आणि त्यांचे नाव फारच थोड्यांना ठाऊक असते.

नवे यंत्र, तेच माप

कोणी म्हणेल, हे सर्व आता मागे पडले. मोबाइलवर मराठी उत्तम दिसते, मग जुने कशाला उगाळावयाचे? पण मापाचा प्रश्न एकदा सुटून कायमचा मिटत नाही. तो नव्या रूपाने पुन्हा येतो. मोबाइलवरच्या साध्या निरोपाचेच पाहा. इंग्रजीत एका निरोपात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, वेलांटी, हलन्त ही प्रत्येकी एकेक जागा खातात. ‘बडोद्यास’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा; यंत्राच्या हिशेबी त्याची जागा आठांची. तेव्हा तोच निरोप मराठीत लिहिला तर दोन-तीन निरोपांचे पैसे. आमची तरुण मंडळी मराठी बोलतात आणि लिहितात मात्र इंग्रजी अक्षरांत, म्हणून वडील मंडळी त्यांच्यावर रागावतात. त्यांच्या आळसाचा वाटा आहेच. पण दरपत्रकाचाही वाटा त्यात होता, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

आता माणसाशी संभाषण करणारी यंत्रे आली आहेत आणि सध्याच्या बातम्यांत त्यांच्याशिवाय दुसरा विषय नाही. ती विचार करतात की नाही, ह्यावर विद्वानांचे वाद चालू आहेत. मी त्यांत पडत नाही. मला त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. ही यंत्रे मजकूर वाचण्यापूर्वी त्याचे तुकडे करतात. त्या तुकड्यांना टोकन म्हणतात, आणि व्यापारी वापरात आकारणी होते ती टोकनांवर. तुकडे कसे पाडावयाचे, हे यंत्रास आधी पुरविलेल्या मजकुरावरून ठरते. तो मजकूर बहुतांश इंग्रजी असल्यामुळे इंग्रजी शब्द पुष्कळदा अखंड राहतो आणि मराठी शब्दाचा चुरा होतो. मे २०२४ मध्ये ओपनएआय ह्या कंपनीने आपली नवी पद्धत जाहीर करताना नमुन्याच्या वाक्यांचे आकडे स्वतःच दिले. जुन्या पद्धतीत इंग्रजी नमुन्याची टोकने २७ होती; मराठीची ९६ आणि गुजरातीची तब्बल १४५. नव्या पद्धतीत इंग्रजीची २४ झाली आणि मराठी व गुजराती दोन्ही ३३ वर आली. तुकड्यांचे कोष्टक सुमारे एक लाखावरून दोन लाखांवर नेले, त्याचा हा परिणाम.

म्हणजे तोवर मराठी माणूस त्याच बोलण्यासाठी साडेतीन पट आणि गुजराती माणूस पाच पट माप भरीत होता, आणि ह्याची बातमी कोणाच्याही पहिल्या पानावर नव्हती. सुधारणा झाली ही आनंदाची गोष्ट आहे. पण हे कोष्टक कंपनीचे आहे, समाईक नव्हे. प्रत्येक कंपनीचे वेगळे आहे. ‘एकाचा म तो दुसऱ्याचा ठ’ ह्या जुन्या दिवसांची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आपण काय करावे

बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ नावाचा कोश प्रसिद्ध केला. राज्यकारभारातल्या शब्दांना इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांतले पर्याय त्यात एकत्र मांडले होते. अनेक भाषांच्या राज्यात एकमेकांचे कागद एकमेकांस कळावेत, तर आधी शब्दांवर एकमत पाहिजे, हे त्या राजाने ओळखले होते. ते काम झगमगाटाचे नव्हते. पण तशा कामावरच कारभार चालतो.

त्याच वृत्तीने आज करता येण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत. आपल्या मंडळांनी, वाचनालयांनी, पतपेढ्यांनी यापुढे नवा मजकूर युनिकोडातच लिहवून घ्यावा; छपाईवाला कितीही ओळखीचा असला तरी नुसते छापील कागद न घेता युनिकोडातली प्रतही मागून घ्यावी. १९९० ते २०१० ह्या काळातल्या स्मरणिका, वार्षिक अहवाल, वंशावळी कोणाच्या कपाटात तबकड्यांवर पडल्या असतील, त्या आजच बाहेर काढाव्यात. प्रसिद्ध अक्षरसंचांची रूपांतरे करणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत; अप्रसिद्धांसाठी एखादी भाची शोधावी लागेल, आणि छापील पान हाताशी असेल तरच तिचा इलाज चालेल. म्हणून जुनी छापील प्रत रद्दीत घालू नये. घरात मोडी वाचणारे कोणी असेल, तर रुमालातली पत्रे त्यांच्याकडून वाचून घेऊन मोडीत आणि बाळबोधीत, दोन्हींत टंकून ठेवावीत. मोडीचे अक्षरसंच आता विनामूल्य मिळतात. आणि कोणताही नवा प्रोग्राम विकत घेताना विक्रेत्यास एक प्रश्न जरूर विचारावा: माझा मजकूर उद्या मला दुसरीकडे नेता येईल ना? उत्तर देताना तो घुटमळला, तर पिशवीचे तोंड बंद करून सरळ घरी यावे.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, गोवा, सर्वत्र आपल्यासारखीच घरे आहेत आणि त्यांच्या कपाटांतही अशाच तबकड्या आहेत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचा इतिहास सरकारी दप्तरात थोडा आणि घरगुती कागदांत फार, असा असतो. ते कागद वाचता आले नाहीत, तर आपण येथे होतो, हे सांगावयास दुसरे साधन उरत नाही. नव्या यंत्रांच्या बातम्या रोज येतील, येवोत. ह्या दिवाळीच्या साफसफाईत जुनी तबकडी हाती लागली, तर ती फेकण्यापूर्वी तिच्यात काय आहे, एवढे मात्र एकदा पाहावे.